वाऱ्याचा झोत आणि घाईचा न्याय

विमान धावपट्टीवर आदळते, उजवा पंख तुटतो, आग भडकते आणि उलटे झालेले विमान बर्फाळ जमिनीवरून घसरत जाते. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅनडातील टोरांटोच्या पिअरसन विमानतळावर हे घडले. मिनियापोलिसहून आलेल्या ‘एन्डेव्हर एअर’ या ‘डेल्टा’च्या उपकंपनीच्या छोटेखानी सीआरजे-९०० जेटमध्ये ७६ प्रवासी आणि ४ कर्मचारी होते. २१ जण जखमी झाले. मृत्यू मात्र एकही झाला नाही.

आग विझते न विझते तोच समाजमाध्यमांवर निवाडा सुरू झाला. कोणी सोसाट्याच्या वाऱ्याला दोषी ठरवले, तर कोणी वैमानिकांच्या पात्रतेवरच शंका घेतली. अखेर दोन्ही वैमानिक पात्र असल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्राथमिक अहवाल वेगळे चित्र मांडतो. वाऱ्याचा वेग ताशी ५२ किलोमीटर होता आणि झोत ६५ किलोमीटरपर्यंत जात होते. वारा समोरून, पण काहीसा उजवीकडून होता. शेवटच्या काही सेकंदांत एका झोताने विमानाचा हवेतील वेग वाढला आणि वैमानिकाने इंजिनांची शक्ती कमी केली. झोत ओसरताच वेग घटला, विमान अधिक झपाट्याने खाली येऊ लागले. जमीन गाठण्यापूर्वी अवघे २.६ सेकंद असताना धोक्याची सूचना वाजली. विमान टेकले तेव्हा ते मिनिटाला सुमारे ११०० फूट वेगाने उतरत होते आणि उजवीकडे कलले होते. ६०० फुटांहून अधिक वेग असल्यास ते कठोर अवतरण समजले जाते. उजव्या चाकांचा आधारदांडा मोडला, पाठोपाठ पंख निखळला.

म्हणजे वारा, त्याला दिलेला प्रतिसाद आणि धातूची सहनशक्ती अशी ही साखळी आहे. तिचा एकच दुवा उचलून त्यावर सारा दोष लादणे सोपे असते, पण त्याने पुढचा अपघात टळत नाही. म्हणूनच दोष वा कायदेशीर जबाबदारी ठरवणे हे या मंडळाचे कामच नाही. कारणे शोधणे हे आहे.

या शांत पद्धतीचे फळ त्याच विमानात दिसले. गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट आघातबल सोसणाऱ्या आसनांचा नियम अमेरिकेत १९८८ मध्ये झाला, तो जुन्या अपघातांच्या अभ्यासातूनच. जागेवर घट्ट राहिलेली आसने, बांधलेले पट्टे आणि प्रवाशांना तत्परतेने बाहेर काढणारे कर्मचारी यांच्यामुळे उलट्या विमानातून ८० माणसे जिवंत बाहेर आली. अपघातानंतर गुन्हेगार शोधण्याची घाई आपल्याकडेही काही कमी नसते. पुढच्या प्रवाशाचा जीव वाचवायचा असेल, तर तपासाला पुरेसा वेळ देण्याचा संयम समाजालाही शिकावा लागेल.