मापात पाप, आणि दंड गिऱ्हाइकाला!

अमेरिकेतली साउथवेस्ट एअरलाइन्स ही कंपनी आपल्या विमानांच्या पोटावर हृदयाचे चित्र रंगवते. शेअर बाजारातले तिचे चिन्हसुद्धा प्रेमाची आठवण करून देणारे. या प्रेमळ कंपनीने 27 जानेवारी 2026 पासून फर्मान काढले, की ज्याचा देह दोन आर्मरेस्टच्या मध्ये मावत नाही, त्याने शेजारची सीटही आगाऊ विकत घ्यावी. पैसे परत मिळतील. पण विमान सुटताना निदान एक जागा रिकामी राहिली तर, दोन्ही तिकिटे एकाच वर्गातली असली तर, आणि 90 दिवसांच्या आत अर्ज केला तर! कालपरवापर्यंत हीच कंपनी दुसऱ्या सीटचे पैसे मुकाट परत करीत होती, जागा असल्यास विमानतळावर ती फुकटही देत होती. स्थूल प्रवाशांना साऱ्या अमेरिकेत हाच एक आधार वाटे. तो आधार काढून घेतला आणि त्याला नाव दिले धोरण. आम्ही याला लूट म्हणतो!

जरा या अटीकडे निरखून पाहा. पैसे परत मिळायचे की नाही, हे प्रवाशाच्या हातात नाही. दुसरा कोणी अनोळखी माणूस त्या दिवशी प्रवासाला निघाला की नाही, यावर ते ठरणार. नाताळात, सुट्ट्यांत, जेव्हा भाडे गगनाला भिडलेले असते, नेमके तेव्हाच विमान खच्चून भरणार आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या सीटचे भाडे बुडणार. याला धोरण म्हणायचे की सोडत? आणि आगाऊ सीट न घेता कोणी आलाच, तर दुसरी सीट लागेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाला? कंपनीच्याच माणसांना! तेही नजरेने! रांगेत शंभर माणसे उभी, काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि प्रवाशाने आपल्या कंबरेचा निकाल चारचौघांत ऐकायचा. विमान भरलेले असेल तर पुढच्या विमानाची वाट पाहायची. 2010 च्या फेब्रुवारीत चित्रपट दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांना याच कंपनीने ओकलंडहून बरबँकला जाणाऱ्या विमानात बसल्यानंतर खाली उतरवले होते. ते नामवंत होते, त्यांनी जगभर बोभाटा केला, म्हणून कंपनीने माफी तरी मागितली. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याची माफी कोण मागतो?

बरे, हा आर्मरेस्टचा कायदा तरी सरळ आहे का? तो मोजतो फक्त कंबर आणि मांड्या. रुंद खांद्यांचा एखादा पहिलवान गडी शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसून चार तास बसला, तरी त्याच्या खिशाला तोशीस नाही. कारण त्याचा पसारा आर्मरेस्टच्या वर आहे. पण रुंद कंबरेची बाई अंग चोरून, श्वास आवरून, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली, तरी अपराधी तीच. दोन बाळंतपणे झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायांवर हा दांडा आधी पडणार, हे कळायला संशोधन लागत नाही.

आता मूळ गुन्ह्याकडे वळू. माणूस फुगला, असे कंपन्या सांगतात. खुर्ची कोणी आखडली, ते मात्र सांगत नाहीत! फ्लायर्स राइट्स ही प्रवाशांची संघटना अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाविरुद्ध, म्हणजे एफएएविरुद्ध, न्यायालयात गेली. त्या प्रकरणात 2017 साली मांडलेले आकडे असे : दोन रांगांमधले अंतर सरासरी 35 इंचांवरून 31 वर आले, काही कंपन्यांत तर 28 वर, आणि सीटची रुंदी साडेअठरा इंचांवरून 17 वर. सतरा इंच! जागा कमी केली, रांगा वाढवल्या, त्या जादा रांगांचे भाडे खिशात घातले आणि वर तोंड करून विचारतात, की तुम्ही एवढे रुंद कसे? आमच्याकडे वाण्याचा काटा वैधमापन खात्याचा निरीक्षक येऊन तपासतो, त्यावर शिक्का मारतो, आणि शंभर ग्रॅम कमी भरले तर दंड वाण्याला होतो. इथे माप चोरणारा मोकळा आणि दंड गिऱ्हाइकाला! 2013 मध्ये सामोआ एअर नावाच्या चिमुकल्या कंपनीने प्रवाशांना वजनकाट्यावर उभे करून किलोवर भाडे लावले, तेव्हा जग हसले. तिने काटा निदान उघड्यावर तरी ठेवला होता.

यावर लगाम घालायचा तो सरकारने. त्या सरकारची कथा ऐका. 2017 च्या निकालात न्यायालयाने एफएएचे कान उपटले आणि आखडत्या सीटचा सुरक्षेच्या दृष्टीने पुन्हा विचार करा म्हणून सांगितले. 2018 मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला : सीटची किमान मापे एका वर्षात ठरवा. ते वर्ष केव्हाच उलटून गेले! मधल्या काळात ओक्लाहोमा सिटीत आणीबाणीत विमान रिकामे करण्याच्या चाचण्या झाल्या. त्यात कोण होते? 18 ते 60 वयाची धडधाकट माणसे! म्हातारे नाहीत, लेकरे नाहीत, अपंग नाहीत. 90 सेकंदांत विमान रिकामे झाले पाहिजे, हा यांचाच नियम. आणि तो तपासायचा कुणाच्या पायांवर, तर जे धावू शकतात त्यांच्या! 2022 मध्ये जनतेची मते मागवली, तेव्हा 26 हजारांहून अधिक सूचना आल्या. त्या सूचना आल्या, मोजल्या गेल्या, आणि माप अजून ठरायचेच आहे. अपंगांसाठी 1986 पासून विमान प्रवासाचा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या नियमातच लिहून ठेवले आहे, की एका तिकिटावर एकापेक्षा जास्त सीट देण्याचे बंधन कंपनीवर नाही. कुंपणच शेत खाते, ते असे.

कोणी म्हणेल, शेजाऱ्याने काय घोडे मारले आहे? त्यानेही पूर्ण भाडे भरले आहे. खरे आहे! त्याचा त्रास आम्ही नाकारत नाही. दुसऱ्याचे वजन अंगावर घेऊन चार तास बसणे ही काही मौज नव्हे. पण त्याची अर्धी सीट कोणी घेतली, हे त्याने एकदा शांतपणे स्वतःला विचारावे. शेजारी बसलेल्या बाईने, की त्या दोघांच्याही सीटमधून इंच इंच कापून आणखी एक रांग कोंबणाऱ्याने? दोन प्रवासी एकमेकांकडे डोळे वटारून बसतात आणि कंपनी पुढे उभी राहून चिप्सची पाकिटे विकते. भांडण आपसात लावून मलई खाण्याची ही विद्या नवी नाही. फक्त ती आता तीस हजार फुटांवर चालते.

आणि दुसरा मार्गच नाही, असेही नाही. कॅनडाच्या वाहतूक प्राधिकरणाने जानेवारी 2008 मध्ये निकाल दिला, की अति स्थूलतेमुळे ज्याला अपंगत्व आले आहे आणि दुसऱ्या सीटची गरज आहे, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसरे भाडे घ्यायचे नाही. माणूस एक, भाडे एक! कंपन्यांनी आकांत केला, सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते दार बंद झाले. प्राधिकरणाने हिशेब मांडला होता : या न्यायाचा बोजा एअर कॅनडाच्या तिकिटामागे 77 सेंट आणि वेस्टजेटच्या तिकिटामागे 44 सेंट. पुरता एक डॉलरही नाही! दोन्ही कंपन्या आजही उडत आहेत. म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हता. नियत खोटी होती.

अमेरिकेतल्या लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला निघालेले आमचे आईबाप तिकडे गेल्यावर याच देशांतर्गत विमानांनी फिरतात. गुडघे धरलेले, इंग्रजीत भांडता न येणारे. त्यांना हा आर्मरेस्टचा न्याय कोण समजावणार? आणि इकडे मुंबई-पुण्याहून उडणाऱ्या विमानांत तरी काय ऐसपैस मांडी घालून बसता येते? सीटबेल्टला जोडायचा एक्स्टेंशन पट्टा मागणाऱ्या माणसाकडे पाहून मागच्या रांगेत जे हसू पिकते, ते आपलेच असते. नातेवाइकाला ‘किती सुटलास रे’ म्हणून हटकणाऱ्या आपल्या समाजाने या विषयात फार शहाणपण सांगू नये.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. तिकिटावर भाडे छापता, तशी सीटची रुंदी आणि रांगांमधले अंतरही छापा. किमान माप कायद्याने ठरवा, आणि ते धडधाकट पोरांना पळवून नव्हे, म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि स्थूलांना त्याच खुर्चीत बसवून ठरवा. ज्याला खरोखर दोन सीट लागतात, त्याला त्या एका भाड्यात द्या. कॅनडाने ते करून दाखवले आहे. आमच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही अमेरिकेचा कित्ता न गिरवता हे आजच हाती घ्यावे. आणि विमान कंपन्यांनो, आधी चोरलेले इंच परत करा. ते परत होत नाहीत तोवर कुणाच्या कंबरेकडे बोट दाखवून दुसऱ्या सीटचा छदामही मागण्याचा अधिकार तुम्हाला नाही!