गल्ल्यातले पैसे कोणाचे?

संत एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर हिशेब तपासत बसले, ही आख्यायिका आपण लहानपणीच ऐकतो. तिच्यातून आपण गुरुभक्ती घेतो, एकाग्रता घेतो. हिशेब मात्र तिथेच ठेवून येतो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत चिखलोलीच्या बाजूला लहान कारखान्यांचे गाळे आहेत. बँकेत कर्जाचे काम पाहताना अशा कारखानदारांशी माझा नित्य संबंध आला. लेथवर केसभर फरक खपवून न घेणारा हा माणूस पैशाच्या बाबतीत मात्र अदमासाने चालतो. नफा किती विचारले, तर गल्ल्यात किती आले ते सांगतो.

एक साधा हिशेब मांडू. १ लाखाचा माल विकला, त्यावर १८ टक्के जीएसटी. हाती आले १,१८,००० रुपये. कच्चा माल करासह ७०,८०० रुपयांचा. मजुरी, वीज, भाडे २५,०००. खरेदीवर भरलेला १०,८०० रुपयांचा कर वजा जाता सरकारला द्यायचे ७,२००. उरले १५,०००. त्यातून यंत्राच्या झिजेसाठी ५,००० बाजूला काढले, तर घरी न्यायचे फक्त १०,०००! पण १,१८,००० डोळ्यांसमोर असताना मुलाची फी आणि मेहुण्याच्या लग्नाचा आहेर त्याच गल्ल्यातून जातो. मग कर भरायची तारीख येते आणि घरातले सोने गहाण पडते. ऑर्डरी भरपूर आणि गृहलक्ष्मीचे हात मोकळे, अशी घरे मी पाहिली आहेत.

'आम्हाला वह्या ठेवायची सक्तीच नाही,' असे काहीजण सांगतात. प्राप्तिकरात लहान व्यावसायिकाला तशी सवलत आहे खरी. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर, आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, नफा ठोकळ्याने धरता येतो : रोखीच्या रकमेवर ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के. पण ही सूट प्राप्तिकरापुरती. जीएसटीत नोंदणी असेल, तर त्याचे हिशेब ठेवावेच लागतात. आणि ठोकळ्याने धरलेला नफा खरोखर झाला की नाही, हे सांगायला वहीच लागते.

वसुलीलाही तीच उपयोगी पडते. नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण माल कोणत्या तारखेला पोचला, याची नोंदच नसेल तर कायदा कुठून दिवस मोजणार?

यासाठी मोठी विद्या लागत नाही. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा. स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम द्या. घर तेवढ्यातच चालवा. कराचे पैसे आले त्याच दिवशी बाजूला काढा. आणि रात्री जेवणापूर्वी दहा मिनिटे रोजकीर्द लिहा. घरात कोणाचे अक्षर चांगले असेल, तर त्यांना बसवा. धंद्याची खरी स्थिती घराला कळणे हाही फायदाच आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण कोऱ्या वहीला हळदकुंकू वाहतो. पाडव्यानंतर ती कपाटात जाऊ देऊ नका.