विश्लेषण : टाळेबंदीत मागणी वाढली, तरी लैंगिक स्वास्थ्याचा नवा व्यवसाय अवघड का ठरला?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि देशातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच प्रकार उरले : अत्यावश्यक आणि बाकीच्या. दूध, धान्य, औषधे पहिल्या यादीत. कंडोम औषधाच्या दुकानात मिळतो म्हणून तोही त्या यादीत बसला. मात्र ल्युब्रिकंट, मसाजर किंवा जोडप्यांसाठीच्या इतर वस्तू विकणाऱ्या छोट्या ऑनलाइन कंपन्या दुसऱ्या यादीत गेल्या. माल गोदामात, गिऱ्हाईक फोनवर आणि मधला रस्ता बंद, अशी त्यांची स्थिती झाली.

या कंपन्या वयानेही लहान होत्या. भारतात ‘सेक्शुअल वेलनेस’ या नावाने उघड व्यवसाय सुरू झाला तो साधारण २०१३ च्या सुमारास. त्यातल्या बऱ्याच जणांकडे दुकान नव्हते, फक्त संकेतस्थळ आणि कुरिअरवाला होता.

मागणी खरेच वाढली का?

मुंबईतल्या ‘दॅट्सपर्सनल’ या कंपनीने जुलै २०२० मध्ये आपला विक्री अहवाल प्रसिद्ध केला. टाळेबंदीनंतर विक्री ६५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात म्हटले होते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. हा आकडा त्यानंतर सर्वत्र फिरला. तो एकाच कंपनीचा, तिच्याच ग्राहकांवर आधारलेला आहे आणि मूळ बाजारच लहान असेल तर टक्केवारी मोठी दिसते, हे लक्षात ठेवायला हवे. पण दिशा चुकीची नव्हती. युरोप-अमेरिकेतल्या कंपन्याही त्या वर्षी वाढत्या विक्रीचे आकडे सांगत होत्या.

कारणे समजण्यासारखी आहेत. काही जोडपी चोवीस तास एकत्र अडकली, काही दोन शहरांत महिनोन् महिने वेगळी राहिली. एकट्या राहणाऱ्यांसाठी तर माणसाचा स्पर्शच संसर्गाचा धोका बनला होता.

पण भारतीय घराचे गणित वेगळे आहे. मुंबईत दोन खोल्यांत पाच माणसे राहतात. एरवी कुणी ऑफिसला, कुणी शाळेत, कुणी देवळात जायचे, तेव्हा घराला थोडा एकांत मिळायचा. टाळेबंदीने तोच काढून घेतला. पार्सलचेही तसेच झाले. सोसायट्यांनी कुरिअरवाल्यांना फाटकाबाहेर थांबवले. खोकी वॉचमनच्या टेबलावर पडू लागली, त्यांवर सॅनिटायझर फवारला जाऊ लागला आणि घरात कुणाच्या नावाने काय आले याची चौकशी सगळे करू लागले. या धंद्याचा पाया साधे, नाव नसलेले खोके हाच असतो. विक्रेत्याला वस्तूइतकीच गुप्तताही विकावी लागते आणि ती टिकवणे त्या दिवसांत सर्वांत कठीण होते.

माल कुठून येणार?

जगातली बरीचशी सेक्स टॉय चीनमध्ये तयार होतात. २०२० च्या सुरुवातीला तिथले कारखाने बंद पडले. मार्चमध्ये मलेशियाने निर्बंध लावले आणि ‘कॅरेक्स’ या कंपनीचे कारखाने काही दिवस थांबले. जगातला दर पाचातला एक कंडोम ही एक कंपनी बनवते. कारखाने पुन्हा सुरू झाले तेही निम्म्या मनुष्यबळावर.

भारतात त्यात आणखी भर पडली. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली आणि महिनाअखेरीस चीनहून आलेल्या मालाची बंदरांवर आणि विमानतळांवर कसून तपासणी सुरू झाली. मोबाइलच्या सुट्या भागांना त्यामुळे फक्त उशीर झाला. ज्या वस्तूचे भवितव्य खोके उघडणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर ठरते, तिच्यासाठी मात्र ही तपासणी मोठीच जोखीम होती.

देशांतर्गत पोहोचवणीचे नियमही सतत बदलत होते. २० एप्रिलपासून ऑनलाइन कंपन्यांना सर्व वस्तू विकता येतील असे आधी सांगितले गेले आणि आदल्या दिवशी ते मागे घेतले गेले. ४ मेपासून हिरव्या आणि नारिंगी भागांत मुभा मिळाली. पण मुंबई, पुणे लाल भागात होते, म्हणजे जिथे ग्राहक होते तिथेच बंदी. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारच्या ‘ब्रेक द चेन’ आदेशांनी महाराष्ट्रात ऑनलाइन विक्री पुन्हा अत्यावश्यक वस्तूंपुरती आणली, ती जूनपर्यंत. एवढा काळ भाडे, पगार आणि अडकलेला माल सांभाळणे मोठ्या कंपनीला परवडते. चार माणसांच्या कंपनीला नाही.

‘अत्यावश्यक’ची व्याख्या किती अपुरी होती, हे गर्भनिरोधकांच्या बाबतीत दिसले. टाळेबंदीमुळे २०२० मध्ये देशातील सुमारे अडीच कोटी जोडप्यांना गर्भनिरोधके मिळणार नाहीत, असा अंदाज ‘फाउंडेशन फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सर्व्हिसेस इंडिया’ या संस्थेने मेमध्ये मांडला होता. गर्भनिरोधके कागदोपत्री बंद नव्हती. पण वाहतूक थांबली होती, आरोग्य कर्मचारी करोनाच्या कामाला जुंपले गेले होते आणि दवाखान्यात जायला लोक घाबरत होते.

कायदा काय म्हणतो?

सेक्स टॉय विकू नका, असे सांगणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. आहे तो अश्लीलतेचा कायदा : तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम २९२, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९४. अश्लील पुस्तक, चित्र किंवा ‘वस्तू’ विकणे हा गुन्हा आहे. अश्लील काय, हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवायचे. आयातीसाठी सीमाशुल्क विभाग १९६४ च्या अधिसूचनेचा आधार घेतो. केवळ लैंगिक इच्छा जागवू शकते म्हणून वस्तू अश्लील ठरत नाही, अशी भूमिका कोलकाता उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेतली होती. तरीही अनेक विक्रेते खोक्यावर नग्न चित्र टाळतात आणि बिलावर ‘पर्सनल मसाजर’ लिहितात.

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ मध्ये. ते सल्ला देत आणि साधनेही पुरवत. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला.

त्या केंद्राला शंभर वर्षे होत असतानाच, १४ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यात कळंगुट येथे ‘कामा गिझमोज’ हे सेक्स टॉयचे दुकान उघडले. देशातले असे पहिले कायदेशीर दुकान म्हणून त्याची चर्चा झाली. महिनाभरातच ग्रामपंचायतीने ते बंद करायला लावले. दुकानाविरुद्ध तक्रारी आल्या होत्या. कारण मात्र व्यापार परवाना नसल्याचे देण्यात आले. अश्लीलतेचा मुद्दा न्यायालयात लढता येतो. परवान्याच्या कागदाशी लढताना लहान व्यावसायिक आधी थकतो.

ग्राहकापर्यंत पोहोचायचे कसे?

रस्त्यावरचे दुकान नाही, तेव्हा जाहिरात हवी. टीव्हीवर कंडोमच्या जाहिरातीही रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत दाखवाव्यात, असा सल्ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच दिला होता. समाजमाध्यमांवर गर्भनिरोधकाची जाहिरात चालते, पण ‘सुख’ हा शब्द आला की ती नाकारली जाते. महिलांच्या लैंगिक आरोग्याशी संबंधित ६० कंपन्यांची पाहणी अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर इंटिमसी जस्टिस’ने केली. फेसबुक-इन्स्टाग्रामने जाहिरात कधी ना कधी नाकारल्याचे त्या सगळ्यांनीच सांगितले. हा अहवाल जानेवारी २०२२ मध्ये आला. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या काही सेवाही ‘प्रौढांच्या वस्तू’ निषिद्ध यादीत टाकतात.

त्यामुळे महासाथीचा खरा फायदा झाला तो ज्यांनी स्वतःला ‘आरोग्य’ म्हणवून घेतले त्यांचा. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाची नियमावली प्रसिद्ध केली आणि नोंदणीकृत डॉक्टरांना फोन-व्हिडीओवरून सल्ला देण्यासाठी स्पष्ट आधार मिळाला. शीघ्रपतन किंवा ताठरतेच्या तक्रारीसाठी भिंतीवरच्या जाहिरातीतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे जाणारा पुरुष घरबसल्या डॉक्टरशी बोलू लागला. स्त्रियांच्या सुखाबद्दल बोलणाऱ्या कंपन्यांना अशी सोयीची वाट मिळाली नाही.

पुढे मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आयात केलेल्या ‘बॉडी मसाजर’चे प्रकरण आले. सीमाशुल्क आयुक्तांनी ते सेक्स टॉय म्हणून वापरता येतील असे सांगत माल जप्त केला होता. हा निष्कर्ष म्हणजे आयुक्तांची कल्पना आहे, असे म्हणत न्यायालयाने सीमाशुल्क विभागाचे अपील फेटाळले. असे मसाजर देशांतर्गत बाजारात विकले जातात, याचीही नोंद घेतली गेली. आयातदार जिंकला. पण तो जिंकला ते वस्तू मसाजर आहे म्हणून. सेक्स टॉय उघडपणे त्याच नावाने आणता येईल का, याचे उत्तर या निकालाने दिलेले नाही.