ट्रॅक्टरचं गिअर ऑइल: बदला घरी, पण निवडा पुस्तक बघून



ऊस वाहतुकीआधी बरेच जण इंजिन ऑइल बदलतात, गिअरबॉक्समध्ये मात्र कमी झालं तेवढंच वरून ओततात. माझं मत स्पष्ट आहे: हे तेल घरी बदलायला हरकत नाही, पण तेल निवडताना काटकसर नको.

ऑइल ब्रेक असलेल्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच तेलात असतात. पुस्तकात वेगळं तेल सांगितलेलं असताना स्वस्त म्हणून साधं ९० नंबर ओतलं, तर ब्रेक आवाज करतात, नीट धरत नाहीत. मागे भरलेली ट्रॉली आणि समोर उतार असताना ही बचत जिवावर बेतू शकते. म्हणून तेलाचा ग्रेड आणि बदलायचे तास कंपनीच्या पुस्तकातूनच घ्या.

ट्रॅक्टर थोडा चालवून घ्या, सपाट जागेवर इंजिन बंद करा, मगच तेल काढा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. लोखंडाचे तुकडे निघाले तर मिस्त्रीला दाखवा. फिल्टर विसरू नका. नवीन तेल डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरा.

काढलेलं तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. पिऊन वाढणारं पीक आणि विहिरीचं पाणी आपलंच आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, जुनं तेल रीतसर घेणाऱ्यालाच द्या.

शंका असेल तर पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा.