उंदीर, घुशी आणि कालव्याखालची वस्ती

मागच्या पौर्णिमेला कुरुळीत बैठक झाली. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका डिप्लोमाधारक तरुणाने विचारले, "वकीलसाहेब, कालव्याची दुरुस्ती हा इंजिनिअरचा विषय. त्यात चळवळीने काय बोलायचे?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि खडकवासल्याचे पाणी वस्तीत घुसले. कित्येक कुटुंबांचा संसार चिखलात गेला. तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरल्याचे कारण सांगितले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा मंत्री तानाजी सावंत यांनीही खेकड्यांकडेच बोट दाखवले.

चाकणच्या एखाद्या कंपनीत लाईन बंद पडली आणि सुपरवायझरने 'उंदराने वायर कुरतडली' एवढेच सांगितले, तर मॅनेजर पहिले विचारील, मेंटेनन्स कोणाकडे होता? कंपनीच्या यंत्राला जो न्याय मिळतो, तो वस्तीतल्या माणसाला मिळत नाही.

घुशी बिळे करतात हे खोटे नाही. मातीच्या भरावात बीळ पडले की पाणी त्यातून वाट काढते, जाताना बारीक माती सोबत नेते, वाट रुंदावते आणि एक दिवस भराव खचतो. पण हे बहुधा एका रात्रीत होत नाही. आधी बाहेरच्या उतारावर ओल दिसते, मग पाणी झिरपू लागते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर थोडा अवधी मिळतो; ते गढूळ झाले म्हणजे भराव आतून वाहू लागला. हे ओळखायला कालव्याच्या काठाने रोज चालणारा माणूस लागतो.

दुरुस्तीची रीतही माहीत असलेलीच आहे. आवर्तन बंद असताना बीळ शेवटपर्यंत खणून काढायचे, चिकणमाती योग्य ओलाव्यावर थराथराने भरून दाबायची, झाडोरा मुळासकट काढायचा, मगच काँक्रीटचे अस्तर. काळ्या मातीवर थेट अस्तर टाकले तर माती फुगून ते तडकते, म्हणून मध्ये मुरुमाचा थर हवा. वरून नुसता सिमेंटचा हात फिरवला तर बीळ आत तसेच राहते. बिल मात्र निघते!

अस्तरीकरणाचा हिशेब किती पाणी वाचले यावर मांडला जातो. भरावाखाली किती माणसे झोपतात, याचा रकाना त्यात कुठे असतो? ही माणसे तिथे हौसेने राहायला आलेली नाहीत. गावात जमीन नाही, शहरात भाडे परवडत नाही. इतरांनी नाकारलेली जागा त्यांच्या वाट्याला आली. मग कालवा फुटला की अतिक्रमणवाले तेच. चळवळीने बोलायचे ते इथे.

कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा १८६८ चा इंग्लंडमधील निवाडा शिकवतात. तोही साठवलेल्या पाण्याचाच. एकाच्या तळ्याचे पाणी फुटून दुसऱ्याच्या खाणीत शिरले. धोका होईल अशी वस्तू साठवणाऱ्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे तत्त्व त्यातून आले. सरकारी वकील कायद्याने सोपवलेल्या कामाचा अपवाद पुढे करतील, हे मान्य. पण मग देखभाल झाली का, हे दाखवावे लागेल, आणि घुशींची सबब तिथे उलट कबुलीजबाब ठरू शकते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना चालना देताना त्यांनी पाण्याचे शास्त्र इंजिनिअरांवर सोडून दिले नव्हते. आपण मात्र चवदार तळ्यावर भाषण करतो आणि कालव्याची निविदा वाचत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचे बैठकीत ठरले. कालव्याच्या पाहणीची नोंदवही, बिळे बुजवल्याची मोजमाप पुस्तिका आणि मातीच्या दाबणीचे चाचणी अहवाल मागायचे. मसुदा त्या डिप्लोमावाल्या तरुणानेच लिहिला. त्यात त्याने स्वतःहून एक ओळ घातली: गढूळ पाणी पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसले?