फार्मसी : नाइलाजाचा प्रवेश नव्हे

बारावीचे आणि सामायिक प्रवेश परीक्षेचे निकाल लागले की, नाशिकमधील विज्ञान शाखेच्या अनेक घरांत एकच विचारविनिमय सुरू होतो. वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळली, आता पुढे काय? ‘फार्मसीला टाकू’ हे उत्तर लगोलग येते. त्या ‘टाकू’ शब्दातच सारे दुखणे आहे. समाजाच्या औषधाची राखण ज्या विद्याशाखेकडे आहे, तिच्या दारात विद्यार्थी निराशेपोटी उभा राहतो आणि त्या निराशेवर शिक्षणाचा बाजार मांडणाऱ्यांचे फावते.

या शास्त्राचा पाया आपल्या देशात अशा उदासीनतेतून घातला गेलेला नाही. भेसळयुक्त व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाठोपाठ १९३२मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राच्या शिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली. स्वतंत्र भारतात १९४८ साली फार्मसी कायदा झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हा त्या कायद्याच्या ४२व्या कलमाचा गाभा आहे.

प्रत्यक्षात मात्र प्रमाणपत्र एकाचे, दुकान दुसऱ्याचे आणि काउंटरवर तिसराच, असा प्रकार सर्रास चालतो. प्रमाणपत्र भाड्याने देण्यापुरतीच पदविका घ्यायची, ही वृत्ती प्रवेशाच्या वेळीच रुजते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरचा आजारी माणूस डॉक्टरआधी अनेकदा औषधाच्या दुकानातच पोहोचतो. तिथे जाणकार माणूस नसेल, तर त्याची किंमत त्या गरिबाच्या जिवाने मोजावी लागते.

महाविद्यालयांच्या बेसुमार वाढीला लगाम घालण्यासाठी भारतीय फार्मसी परिषदेने २०१९मध्ये नव्या संस्थांवर पाच वर्षांची स्थगिती आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये ती टिकू दिली नाही. संस्था काढण्याच्या मूलभूत हक्कावर कार्यकारी ठरावाने बंधन घालता येत नाही, हा न्यायालयाचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होता. तथापि संस्था काढण्याचा हक्क म्हणजे विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेविना शिकविण्याचा परवाना नव्हे. दर्जाची राखण करणारी यंत्रणा ढिली असेल, तर निवडीची सारी जबाबदारी पालकांवरच येऊन पडते.

म्हणूनच पसंतीक्रम भरण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. संस्थेला परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का? प्रयोगशाळा आणि अध्यापक कागदावरचे आहेत की प्रत्यक्षातले? शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरविलेले शुल्क किती? २०१५च्या राज्य कायद्याने देणगी घेण्यास मनाई केलेली असताना कुणी ‘वरचे’ पैसे मागते आहे काय? पदवीसाठी प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. पदविकेचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. ‘पदविका सोपी’ या समजुतीत राहणेही महागात पडू शकते. पदविकेनंतर नोंदणीपूर्वी निर्गमन परीक्षा देण्याचे नियम २०२२मध्ये झाले आणि अशी पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४मध्ये घेण्यात आली. नुसता दाखला हाती ठेवून चालण्याचे दिवस सरत असल्याचीच ही खूण म्हटली पाहिजे.

मनापासून शिकणाऱ्याला या क्षेत्रात वाव कमी नाही. अंबड-सातपूरच्या औषध कारखान्यांतील उत्पादन आणि गुणवत्ता नियंत्रण, रुग्णालयातील औषधविभाग, संशोधन असे अनेक मार्ग आहेत. पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मिळतो. जगभर औषधे पुरविणाऱ्या भारताची पत अखेर अशाच हातांवर अवलंबून आहे.

पालकांनी मुलाला फार्मसीला ‘टाकू’ नये; विचार करून पाठवावे. चुकलेली पसंती एका विद्यार्थ्याचे वर्ष वाया घालविते. अर्धवट शिकलेला फार्मासिस्ट मात्र साऱ्या गावाचे आरोग्य धोक्यात आणतो.