कानातले हाड: आपले की टायटॅनियमचे?

"टायटॅनियमला पैसे नव्हते, म्हणून पोराच्या कानात त्याचेच हाड बसवले," असे एक आई परवा मला खालच्या आवाजात सांगत होती. यात ओशाळण्यासारखे काय आहे?

मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी असते. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, उंची जेमतेम ३ मिलिमीटर. पडद्याची थरथर ही साखळी आतल्या कानाला पोहोचवते. कान वर्षानुवर्षे वाहत राहिला की बहुधा ऐरणीचे टोक आधी झिजते, साखळी तुटते आणि ऐकू कमी येते.

अशा वेळी सर्जन तीच ऐरण काढून, घासून आकार देऊन रिकिबीच्या डोक्यावर बसवतात. हाड स्वतःचेच, त्यामुळे शरीराने ते बाहेर टाकण्याची भीती फार कमी, आणि वेगळी किंमत नाही. मात्र ऐरण फार कुरतडली असेल किंवा कोलेस्टिटोमा, म्हणजे कानात वाढून हाड खाणारी कातडी, तिच्यात शिरली असेल, तर ती वापरू नये. रोग पुन्हा उलटतो. मग कानाची कूर्चा किंवा टायटॅनियम. टायटॅनियम हलके असते, ठरावीक मापात तयार मिळते, आणि रिकिबीचा वरचा भागच गेला असेल तर खरोखर उपयोगी पडते. पण ते थेट पडद्याला टेकले तर पडद्यातून बाहेर येऊ शकते, म्हणून मध्ये रुग्णाच्याच कूर्चेची चकती ठेवतात. महागड्या धातूलाही शेवटी आपलीच कूर्चा लागते!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, कर्ज काढण्याआधी विचारा: माझी रिकीब शाबूत आहे का? कान कोरडा झाला आहे का? माझे हाड का चालणार नाही? किती ऐकू येईल हे धातूच्या किमतीपेक्षा कानाच्या अवस्थेवर जास्त ठरते. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका, संमतीपत्रावर सही आपली असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

त्या आईला मी विचारले, "ऑपरेशननंतर ऐकण्याची तपासणी पुन्हा केली का?" केली नव्हती. येत्या शनिवारी पोराला घेऊन जाणार आहे.